टर्बो बदलण्याआधी तो का गेला ते शोधा



भाजीपाला बाजारात नेणारी पिकअप, घरची जीप आणि अनेक मोठे ट्रॅक्टर यांच्या डिझेल इंजिनाला आता टर्बोचार्जर असतो. घरीच पाने हाती घेऊन गाडीचे काम करणारी तरुण मंडळीही गावोगाव आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र टर्बो गेला की नवा आणायचा, चार बोल्ट आवळायचे आणि गाडी चालू करायची, एवढ्यावर काम संपते असे समजू नये. असा बसवलेला नवा टर्बो काही दिवसांत, तर कधी काही मिनिटांतच निकामी होतो. हजारो रुपये जातात आणि ऐन हंगामात गाडी दारात उभी राहते.

तुरीचा मर रोग आपल्या परिचयाचा आहे. वाळलेले झाड उपटून त्याच जागी पुन्हा तेच बी टोकले तर मर थांबत नाही, कारण रोगाची बुरशी जमिनीत असते. टर्बोचेही तसेच आहे. मोडलेला दिसतो तो, पण रोग बहुधा ऑइलमध्ये, हवेच्या फिल्टरमध्ये किंवा इंजिनात असतो.

टर्बोचे काम

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची, अशी ही युक्ती आहे. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येते आणि ताकद वाढते.

हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. भार ओढताना धुराकडची बाजू ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. बहुतेक टर्बोंमध्ये दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हा थर काही क्षण तुटला तरी दांडा बुशला घासून खराब होतो.

खोलण्यापूर्वी

गाडीचा जोर कमी झाला आणि काळा धूर येऊ लागला, म्हणजे टर्बोच गेला असे नाही. रबरी होज चिरलेला असतो, क्लिप सैल असते किंवा एअर फिल्टर तुंबलेला असतो. आधी हे पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ते टर्बोमधून येत असेल किंवा झिजलेल्या रिंगांमधूनही येत असेल. नाहीतर आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असे व्हायचे.

तपासणी करताना इंजिन बंद व पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची तार काढलेली असावी. हवेचा होज काढून पुढचे चाक बोटाने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे. दांडा किंचित बाजूला हलणे स्वाभाविक आहे, पण पाती घराला घासता कामा नयेत. दांडा आत-बाहेर सरकत असल्याचे बोटाला स्पष्ट जाणवले, तर टर्बो खराब झाला आहे. चालू इंजिनाच्या उघड्या टर्बोजवळ बोट कधीही नेऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः खोलूच नये.

मोडका टर्बो काय सांगतो

जुना टर्बो लगेच भंगारात टाकू नका. तो नीट पाहा.

१. हवेकडची पाती वाळूने घासल्यासारखी झिजली असतील, तर फिल्टर किंवा होजमधून धूळ आत जात आहे.

२. तीच पाती चावल्यासारखी तुटली असतील, तर नट, वॉशर किंवा चिंधी आत गेली आहे.

३. धुराकडची पाती तुटली असतील, तर इंजिनातला तुकडा सुटून आला आहे. आधी इंजिन तपासावे.

४. दांडा निळा-काळा पडला असेल, तर ऑइल वेळेवर पोहोचले नाही.

५. दांड्यावर ओरखडे असतील, तर ऑइल घाण होते.

नवा बसवताना

कारण दूर केल्यावरच नव्याला हात लावावा. ऑइल व ऑइल फिल्टर बदलावेत. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी काजळीने आतून तुंबते, म्हणून ती शक्यतो नवीच घालावी. ऑइल चेंबरकडे परत नेणारी नळीही मोकळी हवी. ती तुंबली तर चांगल्या टर्बोमधूनही ऑइल गळते.

इंटरकूलर काढून त्यातले ऑइल आणि धातूचे कण पूर्ण साफ करावेत. साफ होत नसेल तर तो बदलावा. ऑइलच्या जोडावर गॅस्केट पेस्ट लावू नये, कारण पिळून आत गेलेला तिचा तुकडा ऑइलची वाट बंद करतो. नळ्यांच्या तोंडात बोळे कोंबले असतील तर ते मोजून ठेवावेत आणि मोजून काढावेत. टर्बो त्याच्या बारीक रॉडला धरून उचलू नये. दांड्यावरचा नट सैल करू नये, नाहीतर चाकाचा तोल बिघडतो.

जोडण्यापूर्वी टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवावे. नंतर इंजिन पेटू न देता थोडा वेळ सेल्फ मारावा, म्हणजे ऑइल वर चढते. डिझेल बंद करण्याची रीत गाडीच्या पुस्तकात पाहावी किंवा मिस्त्रीला विचारावी. इंजिन चालू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे अजिबात रेस करू नये.

इंजिन बेफाम झाले तर

टर्बोमधून गळणारे किंवा इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल इंजिनात ओढले गेले, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळू लागते. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. हवेच्या तोंडावर हात किंवा फडके ठेवू नये. ते जमले नाही तर सर्वांनी दूर व्हावे. इंजिन गेले तरी चालेल, माणूस जाता कामा नये. पहिल्यांदा चालू करताना मुलांना बोनेटजवळ उभे करू नका.

रोजची सवय

थंड इंजिन चालू करताच रेस करू नये. घाट चढून किंवा भरलेली ट्रॉली ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे. लगेच बंद केले तर ऑइल थांबते आणि तापलेल्या टर्बोत राहिलेले ऑइल जळून त्याची काजळी होते. ऑइल पुस्तकात दिलेल्या प्रतीचेच घालावे आणि वेळेवर बदलावे. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर आणि होजच्या क्लिपा वारंवार पाहाव्यात.

होज, क्लिपा, फिल्टर, ऑइल आणि साफसफाई ही कामे घरी अवश्य करावीत. टर्बो आतून दुरुस्त करायचा असेल, तर चाकाचा तोल यंत्रावर तपासणाऱ्या जाणकाराकडेच द्यावा. आणि तो गेला का, याचे उत्तर हाती आल्याशिवाय नव्या टर्बोचे पैसे मोजू नयेत.