कलर मोठा की सिक्वेन्स?

तीन पत्तीत सिक्वेन्सपुढे (सलग पाने) कलर (सगळी पाने एकाच प्रकारची) हरतो. पोकरमध्ये नेमके उलटे: तिथे कलरला फ्लश म्हणतात, सिक्वेन्सला स्ट्रेट, आणि फ्लश जिंकतो. पत्ते तेच ५२, मग क्रम का फिरला? नियम करणाऱ्यांची ही लहर नाही. जो हात क्वचित येतो तो मोठा, हे दोन्हीकडचे तत्त्व एकच आहे. कोणता हात किती क्वचित येतो, हे मात्र मोजूनच कळते.

पोकरचा हात पाच पानांचा. ५२ पानांतून असे २५,९८,९६० हात निघतात. त्यांची यादी करायची गरज नाही, गुणाकार-भागाकार पुरतो.

आधी फ्लश. पाचही पाने बदामची हवीत असे धरू. पहिल्या पानाला १३ पर्याय, दुसऱ्याला १२, मग ११, १०, ९. गुणाकार १,५४,४४०. नवशिका इथेच थांबतो आणि फसतो. राणी आधी आली की सत्ती, याने हात बदलत नाही. तीच पाच पाने १२० वेगवेगळ्या क्रमांनी येऊ शकतात, म्हणजे आपण प्रत्येक हात १२० वेळा मोजला आहे. भागाकार केला की १,२८७ उरतात. इस्पिक, चौकट आणि किलवरचेही तेवढेच, म्हणून एकूण ५,१४८.

आता स्ट्रेट. एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजीपासून दश्शी-गुलाम-राणी-राजा-एक्क्यापर्यंत दहा माळा होतात. एक्का दोन्ही टोकांना चालतो, मध्ये चालत नाही. माळेतले प्रत्येक पान चारपैकी कुठल्याही प्रकारचे असू शकते, म्हणून चार हा आकडा पाच वेळा घेऊन गुणायचा: १,०२४. दहा माळांचे १०,२४०.

एक काम राहिले. सलग आणि एकाच प्रकारची अशी पाने, म्हणजे स्ट्रेट फ्लश, आपण दोन्हीकडे मोजली. असे हात ४०. ते वजा केले की फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००. स्ट्रेट जवळजवळ दुप्पट वेळा येतो, म्हणून फ्लश वरचा.

हीच रीत तीन पानांना लावू. माळा १२, प्रत्येकीचे ६४ हात, एकूण ७६८. कलरसाठी १३ गुणिले १२ गुणिले ११ भागिले ६, म्हणजे २८६. चार प्रकारांचे १,१४४. दोन्हीकडे येणारे प्युअर सिक्वेन्स ४८. उरले सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. इथे सिक्वेन्स दुर्मीळ.

पान वाढले की पारडे का फिरते? स्ट्रेटमध्ये दरेक नवे पान चार पर्याय आणते आणि फक्त एक माळ कमी करते: १२, मग ११, मग १०. फ्लशला मात्र त्याच १३ पानांतून भागवायचे असते. तिथली संख्या २८६ वरून ७१५ वर जाते, मग १,२८७ वर. वाढीचा वेग मंदावत जातो. मला सगळ्यात आवडतो तो मधला टप्पा. चार पानांचा खेळ मांडला तर स्ट्रेट २,७७२ आणि फ्लश २,८१६ येतात, फरक अवघ्या ४४ हातांचा. पाचवे पान येताच क्रम उलटतो.

तीन पत्तीत एक विसंगती मात्र राहून गेली आहे. सगळ्यात मोठा हात ट्रेल, म्हणजे तीन एक्के, तीन राजे असे. एका आकड्याच्या चार पानांतून तीन चार प्रकारे निघतात आणि आकडे १३, म्हणून ट्रेल ५२. प्युअर सिक्वेन्स ४८ च, तरी तो ट्रेलच्या खाली. कॅसिनोतल्या थ्री कार्ड पोकरमध्ये स्ट्रेट फ्लश तीन सारख्या पानांच्या वर ठेवला आहे, आणि मोजणीच्या हिशेबाने तोच क्रम बरोबर आहे.