आस्कंद लावा, पण आधी परसात

गावकुसाला, पडक्या वाड्याच्या भिंतीशी, उकिरड्याच्या कडेला कंबरेएवढे करडे-हिरवे झुडूप तुम्ही पाहिलेच असेल. त्याला पातळ पापुद्र्याच्या आत मटाराएवढे लाल फळ धरते. कोणी त्याला ढोरगुंज म्हणतात, कोणी आस्कंद. हीच अश्वगंधा. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून हे नाव. हल्ली गावात गेलं की विचारणा होते, "साहेब, कपाशी काढून अश्वगंधा लावावी का?" आमचे सांगणे असे, की लावा, पण पहिल्या वर्षी फक्त एक गुंठा.

याला कारण आहे. हे पीक सोपे आहे, विक्री सोपी नाही. कापूस, मका, सोयाबीनला तालुक्याला गिऱ्हाईक मिळते. आस्कंदाचा मोठा बाजार मध्य प्रदेशात नीमच येथे भरतो; नीमच-मंदसौर हाच याचा जुना पट्टा. तिथे मुळाची प्रत पाहून भाव ठरतो. आपल्याला तशी प्रत काढता येते का, हे एका गुंठ्यात कळते.

जमीन व वेळ

हलकी ते मध्यम, मुरमाड, निचऱ्याची जमीन लागते. खुलताबाद, कन्नड, फुलंब्रीकडची माळाची जमीन चालते. गंगापूर-पैठणच्या गोदाकाठच्या भारी काळ्या रानात पाणी साचून मुळे कुजतात, शिवाय काढताना तुटतात. सप्टेंबर २०२५ मधला पाऊस आठवा. म्हणून परसातही गादी वाफाच करा. माती दीड फूट खोल भुसभुशीत करून गुंठ्याला सुमारे १०० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळा. युरिया टाकू नका. पाला माजतो, मूळ पोसत नाही. वांगी, मिरची, टोमॅटो घेतलेल्या जागी लावू नका. ही सगळी एकाच कुळातली, रोगही सारखेच.

पेरणी जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, पावसाचा जोर ओसरल्यावर करावी.

बियाणे

बांधावरच्या झुडपाचे बी धरू नका. रानटी झाडाचे मूळ लाकडासारखे चिवट निघते. लागवडीच्या वाणाचे मूळ जाड, पिठाळ व ठिसूळ असते, त्यालाच भाव. जवाहर असगंध-२०, तसेच लखनौच्या 'सीमॅप' संस्थेचे पोषिता हे माहितीतले वाण आहेत. बी त्याच वर्षीचे घ्या, जुने बी नीट उगवत नाही. फेकून पेरायचे तर हेक्टरी १० ते १२ किलो, म्हणजे गुंठ्याला १०० ते १२० ग्रॅम पुरते. बी बारीक असते, म्हणून वाळूत मिसळून ओळीत पेरा. वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढीच माती ओढा. महिन्याने विरळणी करा. दोन ओळींत वीतभर, दोन रोपांत चार बोटे अंतर राहू द्या. खुरपणी दोनदा. पावसाने फारच ताण दिला तर एखादे हलके पाणी द्या, रोज झारी नको. पानावर ठिपक्यांचा भुंगा दिसला तर वेचून मारा, नाहीतर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

काढणी

पाच ते सहा महिन्यांनी, जानेवारी ते मार्चमध्ये, पाने पिवळी पडून वाळू लागतात आणि फळे लाल होतात. हीच काढणीची खूण. जमीन कडक असेल तर आदल्या दिवशी हलके पाणी द्या. कुदळीने बाजूची माती मोकळी करून झाड मुळासकट उपटा. मुळाच्या वर एक-दोन सेंटिमीटर खोड ठेवून शेंडा कापा. माती काढून ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करा आणि ताडपत्रीवर वाळवा. वाळलेला तुकडा हातात घेऊन मोडा. कट्‌कन मोडला आणि आत पांढरा पिठाळ दिसला तर माल चांगला. वाकला तर अजून ओल आहे, तसाच पोत्यात भरला की बुरशी धरते. जाड, मध्यम, बारीक असा माल वेगळा करा. सरमिसळ केली तर साऱ्याला बारीकचा भाव लागतो. फळे वाळवून, कुटून, पाखडून बी ठेवा.

हिशेब

हेक्टरी वाळलेले मूळ साधारण ३ ते ५ क्विंटल, म्हणजे गुंठ्याला ३ ते ५ किलो मिळते. एकरी हिशेब सव्वा ते दोन क्विंटलचा. कोणी कंपनीवाला एकरी दहा क्विंटलची गोष्ट सांगू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. सफेद मुसळीची लाट आठवते ना? कंद विकणाऱ्यांनी पैसा केला, माल घ्यायला मात्र कोणी फिरकले नाही. बियाणे घेण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : माल कोण घेणार, कोणत्या प्रतीचा घेणार, काय भावाने घेणार.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनाही विनंती. असा कोणी गावात मेळावा घ्यायला आला तर आधी त्याचे कागद पाहा. लागवड झालेल्या शेतकऱ्याची ई-पीक पाहणीत नोंद करून घ्या. बचत गटाला एक गुंठा जागा दिली तर साऱ्या गावाला पीक पाहता येईल. अनुदान मिळेलच असे धरून पेरणी करू नका. आधी कृषी कार्यालयात चौकशी करा. लागवडीची माहिती पैठण रोड व गांधेली येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारता येईल.

घरी पिकले म्हणून मनाने चूर्ण घेऊ नका. गरोदर बाया, थायरॉईड किंवा यकृताचे दुखणे असलेले यांनी तर डॉक्टर-वैद्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. औषधात मूळ वापरतात, पाल्याचा काढा करू नये.

मार्चमध्ये तुमच्या वाफ्यातला मूठभर माल घेऊन व्यापाऱ्याकडे जा, भाव विचारा. तो परवडला तर पुढच्या ऑगस्टात अर्धा एकर. नाही परवडला तर नुकसान एका गुंठ्याचेच.