टर्बो इंजिनाचे झाकण घट्ट कसे राहते?

मुंबईहून नाशिकला येताना कसारा मागे पडला की घाट लागतो आणि थेट इगतपुरीला संपतो. ऐन उन्हाळ्यात या घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी तुम्ही पाहिली असेल. बॉनेटखालून वाफ येत असते. मिस्त्री येतो, रेडिएटर पाहतो, तेलाची पट्टी काढून पाहतो आणि पुष्कळदा एवढेच म्हणतो, "हेड गॅस्केट उडाले."

हे गॅस्केट म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा. पण तो बदलायचा तर इंजिनाचा वरचा सारा भाग खोलावा लागतो. म्हणून पत्र्याची किंमत थोडी असली तरी दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. टर्बो बसवलेल्या इंजिनात या पत्र्यावर फारच भार पडतो. तो का पडतो आणि पत्रा टिकावा म्हणून काय करतात, हे आपण या लेखात पाहू. नाशिकच्या वाचकांना हा विषय अगदी घरचा वाटावा. घाटमाथ्यावर इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ ही टर्बो डिझेल गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार झाली. डिझेल फवारणारे इंजेक्टर बनवणारा बॉशचा कारखाना सातपूरला आहे. त्याच्या जुन्या नावावरून पडलेले 'मायको सर्कल' हे नाव आजही सर्वांच्या तोंडी आहे.

कुकरची रिंग आणि इंजिनाचे गॅस्केट

प्रेशर कुकरच्या झाकणात रबराची रिंग असते. ती नसेल तर भांडे आणि झाकण कितीही घट्ट बसवा, वाफ फटीतून निसटतेच. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म उंचसखलपणा असतो. तो भरून काढण्यासाठी मध्ये दबणारे काहीतरी लागते. यालाच गॅस्केट म्हणतात.

इंजिनाचेही असेच आहे. खालच्या ओतीव ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, सिलिंडर असतात आणि त्यांत दट्ट्ये वरखाली होतात. वर हेड नावाचे झाकण असते. या दोहोंमध्ये हेड गॅस्केट बसते. मात्र कुकरच्या रिंगला फक्त वाफ अडवायची असते, तर हेड गॅस्केटला तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात: सिलिंडरातला जळता वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल. शिवाय कुकरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त असतो. आधुनिक टर्बो डिझेल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी तो १५० बारच्या घरात जातो.

टर्बो काय करतो?

इंजिनाची शक्ती शेवटी किती इंधन जळते यावर ठरते, आणि इंधन जाळायला हवा लागते. साधे इंजिन दट्ट्या खाली जाताना ओढली जाईल तेवढीच हवा घेते. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने दुसरे चक्र फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट करून ठेवली होती. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेऊन दाखवून दिले, की विरळ हवेत गमावलेली शक्ती टर्बोमुळे परत मिळते.

टर्बोची चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. वातावरणाच्या १ बार दाबात टर्बोने आणखी १ बारची भर घातली, तर सिलिंडरात जवळजवळ दुप्पट हवा मावते. तेवढे इंधन जास्त जाळता येते. पण त्याबरोबर ज्वलनाचा दाब वाढतो आणि उष्णताही वाढते. गॅस्केटला या दोन्ही गोष्टींना तोंड द्यावे लागते.

झाकण कोण उचलते, कोण धरून ठेवते?

आता थोडे गणित करू. समजा, सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटर आहे. मोटारींच्या इंजिनांत हे नेहमीचे माप आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा. ते सुमारे ५६.७ चौरस सेंटिमीटर येईल. १ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोग्रॅमचा भार. तेव्हा १५० बारला हेडवर वरच्या दिशेने ५६.७ × १५०, म्हणजे सुमारे साडेआठ टनांचा रेटा बसतो. दोन मोठे हत्ती खालून झाकण ढकलत आहेत असे समजा! आणि हा रेटा एकदाच बसत नाही. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला २५ वेळा भडका उडतो. घाटात दहा मिनिटे गेली की १५,००० धक्के झाले.

हे झाकण बोल्ट धरून ठेवतात. १२ मिलिमीटर जाडीचा उत्तम पोलादाचा एक बोल्ट सुमारे ५ टनांची ओढ सहज धरतो. प्रत्येक सिलिंडरभोवती चार बोल्ट असले तर ओढ २० टनांची झाली. शेजारशेजारचे सिलिंडर मधले बोल्ट वाटून घेतात. पण नेहमीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात भडका एका वेळी एकाच सिलिंडरात उडतो, म्हणून ते चालते. साडेआठ टन वजा केले तरी गॅस्केट दाबून धरायला पुरेसा दाब उरतो. हा उरलेला दाब फार महत्त्वाचा आहे. तो आहे तोवर गॅस्केट सुरक्षित आहे.

आता एखाद्या हौशी मालकाने शक्ती वाढावी म्हणून टर्बोचा दाब वाढवून घेतला आणि ज्वलनाचा दाब १८० बारवर गेला, तर रेटा दहा टनांच्या वर जातो. बोल्टांची ओढ मात्र पूर्वीचीच राहते. प्रत्येक भडक्याला हेड केसाइतके उचलले जाते, गरम वायू त्या फटीत शिरतो आणि गॅस्केटची कड जाळतो. म्हणजे उडाले ते गॅस्केट, पण कमी पडली ती त्यावरची पकड.

बोल्ट म्हणजे ताठ स्प्रिंग

बोल्ट आवळताना आपण तो किंचित ताणत असतो. ताणलेले पोलाद स्प्रिंगसारखे आखडू पाहते आणि हेडला खाली ओढते. पान्यावर किती जोर लावला ते टॉर्क रेंच दाखवतो. पण गंमत अशी, की आपल्या जोराचा सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्च होतो आणि बोल्ट ताणायला दहा टक्केच उरतात. आटे गंजलेले असतील तर रेंचवर आकडा बरोबर दिसतो, पण बोल्ट पुरेसा ताणलेलाच नसतो. म्हणून आटे साफ करून, कारखान्याने सांगितले असेल तसे तेल लावून बोल्ट बसवतात. पुष्कळ इंजिनांत आधी ठरावीक जोराने बोल्ट आवळून मग तो मोजून ९० अंशांत फिरवतात. आट्यांचे अंतर ठाऊक असल्याने ताण नेमका मिळतो. असे बोल्ट काही वेळा स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपर्यंत ताणले जातात. ते पुन्हा वापरू नयेत.

क्रमही महत्त्वाचा असतो. वहीला कागद चिकटवताना आपण हात मधून कडांकडे फिरवतो, नाहीतर मध्ये फुगा राहतो. हेडचे बोल्टही मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, दोनतीन टप्प्यांत आवळतात.

तापलेले अ‍ॅल्युमिनियम

पुष्कळ गाड्यांत ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४० सेंटिमीटर लांबीचे इंजिन ८० अंशांनी तापले, तर लोखंड सुमारे ०.३५ मिलिमीटर वाढते आणि अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.७४ मिलिमीटर. म्हणजे हेड गॅस्केटवर घासत सरकते आणि थंड झाल्यावर परत येते. हे रोज घडते आणि गॅस्केट ते सोसते.

पाणी कमी पडून इंजिन फार तापले की मात्र गोष्ट वेगळी होते. पोलादी बोल्ट कमी वाढतात, हेड जास्त फुगते, त्यामुळे मऊ झालेले अ‍ॅल्युमिनियम बोल्टाखाली दबते किंवा वाकते. इंजिन थंड झाल्यावर ती जागा सैल राहते. म्हणूनच पुष्कळदा गाडी एका दिवशी गरम होते आणि गॅस्केट उडते ते काही दिवसांनी. अशा वेळी फक्त नवे गॅस्केट घालून भागत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी लागते. कारखान्याने दिलेली मर्यादा बहुधा मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी असते. फट जास्त भरली तर हेड फेसिंग करून घ्यावे लागते.

रेडिएटरच्या झाकणाचा संबंधही येथेच येतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने उघड्या भांड्यातले पाणी येथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण सुमारे १ बार जादा दाब धरत असेल तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की पाणी लवकर उकळते, हेडभोवती वाफेचे बुडबुडे होतात आणि त्या जागा थंड होईनाशा होतात. गॅस्केटचे आयुष्य असे एका साध्या झाकणावरही अवलंबून असते.

अवेळी होणारा स्फोट

पेट्रोल इंजिनात आणखी एक धोका आहे. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना हे तुमच्या हाताला कळतेच. टर्बोने दाबलेली हवा १०० अंशांवर जाऊ शकते. अशी तापलेली हवा आणि पेट्रोल सिलिंडरात आणखी दाबले गेले, की ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटते. खटखट आवाज येतो आणि दाबाचे तीव्र हादरे बसतात. गॅस्केटला हे हातोड्याच्या घावांसारखे असते.

१९६२ साली अमेरिकेत निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो मोटारीत हे टाळण्यासाठी पाणी आणि मेथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय होती. त्याची टाकी भरायला लोक विसरत, आणि दोनच वर्षांत ती मोटार बंद झाली. आता दाबलेली हवा इंटरकूलर नावाच्या जाळीतून नेऊन थंड करतात, इंजिनावर खटखट 'ऐकणारा' संवेदक बसवतात, आणि खटखट सुरू होताच ठिणगी थोडी उशिरा पाडतात. डिझेल इंजिनात इंधन केव्हा आणि किती फवारायचे हे संगणक ठरवतो.

गॅस्केटचे बदलते रूप

पूर्वी तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस भरून गॅस्केट करीत. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांना घातक ठरल्याने ते मागे पडले. आता टर्बो इंजिनांत बहुधा स्प्रिंगच्या पोलादाचे तीनचार पातळ पत्रे एकावर एक ठेवलेले असतात. सिलिंडरभोवती त्यांना उठावदार कडा असते आणि वर रबराचा सूक्ष्म लेप असतो. हेड क्षणभर उचलले गेले तरी ही कडा उसळून फट भरते. मात्र असे गॅस्केट पृष्ठभाग अगदी सपाट आणि गुळगुळीत असेल तरच काम देते. शर्यतीच्या काही इंजिनांत याहून पुढे जाऊन सिलिंडरभोवती बारीक खाच पाडतात आणि तीत तारेचे कडे बसवतात.

ओळखावे कसे, करावे काय?

रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येणे, धुराड्यातून दाट पांढरा धूर येणे, तेलाचा रंग दुधाळ चहासारखा होणे, पाणी वारंवार कमी होणे ही गॅस्केट उडाल्याची लक्षणे आहेत. एक चाचणी तर तुमच्या प्रयोगशाळेतलीच आहे. पाण्यावर जमलेली हवा ब्रोमोथायमॉल ब्ल्यूच्या निळ्या द्रावणातून ओढतात. तीत ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रावण पिवळे होते.

गाडीच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. आणखी दोन किलोमीटर रेटण्यात हेड वाकण्याचा धोका असतो. गरम इंजिनाचे रेडिएटर मात्र मुळीच उघडू नये. झाकण उघडताच दाब उतरतो, ११० अंशांवरचे पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि तोंड-हात भाजतात. इंजिनावर थंड पाणीही ओतू नये; तापलेली धातू एकदम आखडून तडकू शकते.

करून पाहा: सायकलचा जुना नट-बोल्ट घ्या. नट कोरडाच घट्ट करा आणि त्यावर खडूने खूण करा. मग सोडवून आट्यांवर तेलाचा थेंब टाका आणि तेवढ्याच जोराने पुन्हा आवळा. नट खुणेच्या किती पुढे गेला ते मोजा. घर्षणाने आधी किती जोर खाल्ला होता याचा अंदाज तुम्हाला येईल.