घाव देणारा बॉट घाव सोसतो कसा?

पवईच्या आयआयटीत ‘टेकफेस्ट’ भरला की रोबोवॉर्सच्या पिंजऱ्याभोवती पाय ठेवायला जागा उरत नाही. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या भिंतींआड दोन बसके बॉट समोरासमोर उभे असतात. एकाच्या तोंडाशी पोलादी ड्रम फिरू लागतो. त्याची गुणगुण चढत चढत किंकाळीपर्यंत जाते आणि टक्कर होते. ठिणग्या उडतात, समोरचा बॉट हवेत कोलांटी खातो, प्रेक्षक बेभान होतात. साऱ्यांचे डोळे उडालेल्या बॉटवर असतात. पण ज्यांनी उडवणारा बॉट बनवला, ती मुलं आपल्याच बॉटकडे पाहत असतात: ड्रम अजून फिरतोय ना?

त्यांची काळजी खरी आहे. न्यूटनचा तिसरा नियम पिंजऱ्यातही कोणाला सूट देत नाही. जेवढ्या बलाने आपण समोरच्याला ठोकलं, तेवढंच बल उलट दिशेने आपल्या दातावर, तिथून शाफ्टवर, बेअरिंगवर आणि सांगाड्यावर येतं. म्हणून लढाऊ बॉटची रचना म्हणजे निम्मी मारण्याची आणि निम्मी सोसण्याची विद्या. यातला दुसरा भाग अधिक अवघड आहे.

हा मार केवढा असतो, ते एका साध्या हिशोबातून कळेल. ६० किलोच्या बॉटवर १० किलोचा पोकळ पोलादी ड्रम आहे असं धरू. बाहेरची त्रिज्या ८ सेंटिमीटर, आतली ५. तो मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर त्याच्यात सुमारे ८,८०० ज्यूल ऊर्जा साठते. आपलाच ६० किलोचा बॉट १५ मीटरवरून, म्हणजे साधारण पाचव्या मजल्यावरून खाली टाकला, तर जमिनीवर आदळताना त्याच्यात एवढीच ऊर्जा असेल. मोटर ही ऊर्जा काही सेकंदांत भरते. टकरीत तिचा मोठा वाटा काही सहस्रांश सेकंदांत खर्च होतो.

ऊर्जा साठवण्याची ही युक्ती आपल्या कुंभाराला केव्हापासून ठाऊक आहे. त्याच्या चाकाची कड जड असते, म्हणून काठीने एकदा गती दिली की ते बराच वेळ फिरत राहतं. वजन आसापासून जितकं दूर, तितकी त्याच वेगाला साठणारी ऊर्जा जास्त. आणि वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते.

मग वेग वाढवतच का नेत नाहीत? इथे पहिला पेच येतो. ड्रमला दोन दात असतील, तर ६,००० फेऱ्यांना सेकंदाला २०० दात समोरून जातात. बॉट सेकंदाला ३ मीटर वेगाने चालून गेला, तर दोन दातांमधल्या वेळात तो फक्त दीड सेंटिमीटर पुढे सरकतो. दाताला समोरच्यात शिरायला जास्तीत जास्त तेवढीच जागा मिळते. फेरे दुप्पट केले की हा ‘घास’ निम्मा होतो आणि ड्रम समोरच्याला पकडण्याऐवजी नुसता घासून जातो. म्हणून काही संघ एकच दात ठेवतात आणि तोल सांभाळण्यासाठी विरुद्ध बाजूला वजन देतात.

दुसरा पेच वळताना कळतो. फिरणारा ड्रम आपल्या आसाची दिशा सहजी सोडत नाही. आपल्या हिशोबातल्या बॉटची चाकं एकमेकांपासून ४० सेंटिमीटरवर असतील आणि त्याने दीड सेकंदाच्या आत पूर्ण गिरकी घेतली, तर त्याची एक बाजू जमिनीवरून उचलली जाते. शस्त्र जितकं जोरकस, तितकं चालवणाऱ्याला जपून वळावं लागतं.

आता सोसण्याकडे येऊ. दात कठीण हवा, नाहीतर तो पहिल्याच घावात बोथट होईल. पण नुसता कठीणपणा घातक ठरतो. वर्कशॉपमधली कानस अतिशय कठीण असते, आणि म्हणूनच फटका बसला की तिचा तुकडा पडतो. लोहार कोयत्याला पाणी देतो, तेव्हा पोलाद लाल करून एकदम थंड करतो, मग पुन्हा बेताने तापवून थोडा कठीणपणा सोडतो आणि बदल्यात चिवटपणा मिळवतो. बॉटचे दात ज्यापासून करतात, त्या एस-७ सारख्या टूल स्टीलवर हाच संस्कार भट्टीत तापमान मोजून करतात. उरलेला बॉट मात्र नुसता कणखर असून चालत नाही, तो काही ठिकाणी नमावा लागतो. ड्रमला गती देणारा पट्टा धक्क्याला घसरतो आणि मोटर वाचते. बॅटरी आणि सर्किट रबराच्या किंवा फोमच्या गादीवर बसवतात. लिथियम पॉलिमर बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते, म्हणून तिची जागा बॉटच्या पोटात, सर्वांत सुरक्षित असावी लागते.

आणि कोपरे! शाम्पूच्या पुडीला कडेला छोटी खाच असते. तिथूनच पुडी फाटते, कारण सारा ताण त्या टोकाशी गोळा होतो. शाफ्टवरचा धारदार कोपराही अशीच खाच असते. तिथे हलकी गोलाई दिली, तर तेच पोलाद कितीतरी जास्त घाव झेलतं.

हे शास्त्र विद्यार्थी संघांपर्यंत पोहोचवण्याचं मोठं श्रेय ब्राझीलला जातं. रिओ दी जानेरोच्या पीयूसी-रिओ विद्यापीठात २००३ मध्ये ‘रिओबॉट्झ’ हा विद्यार्थी संघ सुरू झाला. त्याचे मार्गदर्शक प्राध्यापक मार्को मेजिओलारो यांच्या संशोधनाचा विषयच मुळी धातूंचा थकवा: वारंवार ताण सोसून धातू कसा भेगाळतो, हे शोधणं. संघाच्या ड्रमवाल्या बॉटचं नाव ‘टोरू’, पोर्तुगीजमध्ये बैल. त्याचा ११३ किलो गटातला वारस ‘मिनोटॉर’ २०१८ च्या ‘बॅटलबॉट्स’ स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. पण या संघाचं त्याहून मोठं काम म्हणजे २००९ मध्ये इंग्रजीत मोफत उपलब्ध केलेलं तीनशेहून अधिक पानांचं मार्गदर्शन. पोलादाच्या निवडीपासून स्क्रूच्या जाडीपर्यंत जे स्वतः तोडून, हरून शिकले, ते त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्याही हाती दिलं.

त्यातली मोठी शिकवण अशी की लढत संपली तरी अभ्यास संपत नाही. तुटलेला शाफ्ट भंगारात टाकायचा नसतो, वाचायचा असतो. भेग हळूहळू वाढली असेल, तर तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा दिसतात आणि त्या भेगेच्या उगमाकडे बोट दाखवतात. एकाच घावात तुटला असेल, तर त्या रेषा नसतात. पहिल्या बाबतीत कोपऱ्याची गोलाई चुकली, दुसऱ्या बाबतीत शाफ्टच बारीक पडला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीचे ऑगस्ट व्योलर रेल्वेचे आस का मोडतात याचा शोध घेत होते, तो प्रश्न हाच होता. आजही विमानाच्या आणि पुलाच्या अपघाताचा तपास करणारे अभियंते तुटलेल्या धातूचं तोंड असंच वाचतात.

म्हणून कॉलेजांनी या मुलांना फक्त चषकांची संख्या विचारू नये. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर ताटकळत उभं राहून करून घेतलेला शाफ्ट तीन मिनिटांत मोडला, हे नुकसान नाही. तो तुकडा हातात घेऊन, ‘हा इथूनच का मोडला?’ असं जी मुलगी विचारते, ती उद्या ज्या पुलाचा, ज्या डब्याच्या आसाचा आराखडा करेल, त्यावरून आपण निर्धास्त जाणार आहोत.