गुण्या, कानस आणि अभियांत्रिकी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावात दहावीचा निकाल लागला की मुलाला एकच प्रश्न विचारतात, ‘सायन्स ना?’ चार वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने या प्रश्नाला ‘हो’ म्हटले आणि मी ‘नाही’ म्हटले. तो आज एका शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मी आपल्या या महाविद्यालयात मराठी शिकतो आहे. गावाच्या दृष्टीने तो पुढे गेला व मी मागे राहिलो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे ओट्यावर बसतो, तेव्हा मात्र कोण पुढे व कोण मागे याचा निकाल लागत नाही.

कला शाखेच्या वार्षिक अंकात अभियांत्रिकी कॉलेजवर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की आपण त्यांच्याविषयी जे बोलतो ते बहुधा ऐकीव असते. ‘त्यांचे काय, चार वर्षे गणिते सोडवायची आणि पगार मोजायचा’, हे वाक्य मी कँटीनमध्ये कितीदा तरी ऐकले आहे. मीही ते म्हणत असे. भावाच्या वसतिगृहावर चार-सहा वेळा राहून आल्यावर आणि थोडेफार वाचल्यावर ते म्हणणे मी सोडून दिले. जे पाहिले व वाचले ते येथे सांगतो.

आपल्या राज्यात सरकारी तंत्रशिक्षणाची गोष्ट पुण्यापासून सुरू होते. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली. रस्ते, पूल, कालवे, इमारती यांची कामे एकदम वाढली. मोजणी करणारी, नकाशा वाचणारी, कामावर देखरेख ठेवणारी माणसे हवी होती, आणि ती सगळीच विलायतेहून आणणे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून जुलै १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. हेतू मोठा नव्हता. सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम दर्जाचे अधिकारी तयार करणे, एवढाच तो होता. उत्तरेत गंगेच्या कालव्यासाठी १८४७ साली रुरकीचे कॉलेज निघाले, तेही अशाच गरजेतून. म्हणजे सरकारी तंत्रमहाविद्यालय हे आरंभी ज्ञानाचे मंदिर वगैरे नव्हते; ते कामाला माणसे पुरवणारे खाते होते. मंदिर ते पुढे झाले, आणि ते विद्यार्थ्यांनी केले.

५ ऑगस्ट १८६५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते या कॉलेजच्या मुख्य इमारतीची कोनशिला बसली. मुळा आणि मुठा जेथे मिळतात त्या संगमाजवळ ती दगडी इमारत अजून उभी आहे. पुढे काही वर्षे या संस्थेचे नाव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ होते व तेथे शेती आणि वनविद्येचेही वर्ग चालत. १९११ साली ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना’ हे नाव आले. आधी केवळ स्थापत्य होते. १९१२ साली यंत्र, १९३२ साली विद्युत, १९४८ साली धातुशास्त्र अशा शाखा एकेक करून जोडल्या गेल्या. २००३ साली कॉलेज स्वायत्त झाले आणि २०२२ साली राज्य शासनाने त्याला स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठाचा दर्जा दिला. पुणेकर मात्र अजून ‘सीओईपी’ असेच म्हणतात.

या कॉलेजचा सर्वांत नावाजलेला विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. परंतु एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. विश्वेश्वरय्या आधी बी. ए. झाले होते! वडील लहानपणीच गेलेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून शिकत १८८१ साली त्यांनी ही पदवी घेतली. नंतर म्हैसूर सरकारच्या मदतीवर ते पुण्यास आले, १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या नोकरीत लागले. १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आखलेली स्वयंचलित दारे बसली. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की दारे आपोआप उघडत व पाणी उतरले की मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता अधिक पाणी साठवता येऊ लागले. ज्या मुलाच्या शिक्षणाला जनतेच्या तिजोरीतून पैसा मिळाला, त्याने तो पाण्याच्या रूपाने फेडला असे मला वाटते. ‘सरकारी’ कॉलेज या शब्दाचा अर्थ मला या हिशेबात सापडतो.

आता तेथे शिकवतात कसे ते पाहू. बारावी विज्ञाननंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी द्यावी लागते. तिच्या गुणांवर प्रवेशाच्या फेऱ्या होतात. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा. पहिल्या वर्षी शाखा कोणतीही असो, विषय बरेचसे सारखेच: गणित, भौतिकी, रसायन, यांत्रिकी, संगणकाची आज्ञावली, आलेखन आणि कार्यशाळा. दुसऱ्या वर्षापासून शाखांच्या वाटा फुटतात. सत्राच्या मध्ये चाचण्या, शेवटी लेखी परीक्षा, शिवाय प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षा. आपल्याला वर्गात मागच्या बाकावर बसून कादंबरी वाचता येते. तेथे ती सोय नाही, कारण अर्धा दिवस उभे राहण्यात जातो.

आलेखन म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग हा विषय मला सगळ्यांत आवडला. चित्रकार एका जागी बसतो आणि त्याला दिसते ते काढतो. ड्रॉइंगच्या विद्यार्थ्याला मात्र एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा पाहावी लागते व तिन्ही दृश्ये एकाच कागदावर नेमक्या जागी मांडावी लागतात. आपल्याकडे प्रचलित पद्धतीत समोरचे दृश्य वर आणि वरून दिसणारे त्याच्या खाली काढतात. लपलेली कड तुटक रेषेने, मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांनी. ही एक लिपीच आहे. ती ज्याला वाचता येते त्याला कागदावरचे तीन सपाट आकार पाहून डोळ्यांपुढे लोखंडाचा तुकडा उभा करता येतो. आपण कवितेचा अर्थ लावतो त्यापेक्षा हे काम फार निराळे आहे असे मला वाटले नाही. फरक इतकाच की येथे दोन अर्थ निघाले तर यंत्र बिघडते.

याच विषयाला लागून एक लोकविद्या चालत आली आहे. तिला ‘जीटी’ म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन स्टुलांवर काच ठेवायची, खाली दिवा लावायचा, वर मित्राची पुरी झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या खोलीत हा यज्ञ चालतो, कारण सकाळी ‘सबमिशन’ असते. प्राध्यापकांना हे माहीत असते आणि विद्यार्थ्यांना माहीत असते की प्राध्यापकांना माहीत आहे. मी भावाला विचारले, ‘मग शिकता काय?’ तो म्हणाला, ‘जीटी मारलेली शीट तोंडीला समजावून सांगता येत नाही. तेथे जो सापडला तो पुढच्या वेळी स्वतः काढतो.’ आपल्याकडच्या तयार गाइडांचेही काहीसे असेच आहे; फक्त आपल्याला तोंडी परीक्षा क्वचित असते.

कार्यशाळेची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलामुलीला सुतारकाम, फिटिंग, वेल्डिंग अशी कामे स्वतःच्या हाताने करावी लागतात. फिटिंगमध्ये लोखंडी पट्टीचा एक तुकडा हातात देतात. तो कानशीने घासून चारही कोपरे काटकोनात आणायचे. तास, दोन तास, तळहाताला फोड येईपर्यंत घासावे तेव्हा कोठे कडा सरळ होते. माझे काका, म्हणजे भावाचे वडील, गावात सुतारकाम करतात. भाऊ आठ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या हाताखाली वस्तू देत असे. त्यामुळे वर्गातल्या साऱ्या मुलांत त्याचा सांधा पहिल्यांदा बसला. फटीतून उजेड दिसेना.

आणि तोंडी परीक्षेत तो नापास होता होता राहिला. परीक्षकांनी टेबलावरचे एक हत्यार उचलले आणि इंग्रजीत विचारले, ‘हे काय?’ तो गुण्या होता. काटकोन पाहण्याचा, लाकडी दांड्याचा, साधा गुण्या. भावाने तो हजारदा हाताळला होता. पण ‘ट्राय स्क्वेअर’ हा शब्द ऐनवेळी तोंडात येईना, आणि ‘गुण्या’ म्हणायची त्याला लाज वाटली. तो गप्प उभा राहिला. शेजारचा शहरी मुलगा, ज्याच्या हातून कानस तीनदा पडली होती, त्याने शब्द सांगितला आणि गुण घेतले. शेवटी कार्यशाळेतल्या वयस्क निदेशकांनी मध्ये पडून याचा सांधा परीक्षकांपुढे ठेवला, तेव्हा काम निभावले. त्या रात्री भाऊ मला फोनवर म्हणाला, ‘मी परत येतो. हे आपले नाही.’

तो परत आला नाही हे चांगले झाले. परंतु त्या वाक्याने मला अस्वस्थ केले, कारण ज्याच्या घरात तीन पिढ्या गुण्या आहे त्यालाच ‘हे आपले नाही’ असे वाटावे, यात चूक त्याची नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली काही महाविद्यालयांना भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा दिली. मराठीही त्यांत आहे. आपल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने, जे १९६० साली स्थापन झाले, स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीचे परिभाषा कोश काढलेले आहेत. मराठीत शब्द नाहीत असे नाही. कोशातला शब्द वर्गात येत नाही, सुतारशाळेतला शब्द कोणी विचारत नाही, आणि इंग्रजी शब्द खेड्यातल्या मुलाला माहीत नसतो. असा हा तिढा आहे. इंग्रजी नको असे माझे मुळीच म्हणणे नाही. जगभरची पुस्तके त्या भाषेत आहेत, आणि भावालाही ती आता बऱ्यापैकी येते. पण मुलाला जे येते त्यावर पाय ठेवून पुढची पायरी चढू द्यावी, एवढे तरी व्हावे.

अभ्यासाबाहेरचे जीवनही तेथे भरपूर असते, आणि त्यात सीओईपीचा दाखला पुन्हा घ्यावा लागतो. नदीकाठी कॉलेज असल्याचा फायदा घेऊन तेथे १९२८ साली बोट क्लब निघाला. दरवर्षी ‘रिगाटा’ होतो. संध्याकाळी नदीच्या पात्रात विद्यार्थी होड्यांच्या रचना करून दाखवतात, मशालींचा खेळ होतो आणि काठावर पुणेकर गर्दी करतात. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांत अभियांत्रिकीची मुले उतरतात तेव्हा आपल्या मंडळींना घाम फुटतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

त्याहून मोठी गोष्ट ‘स्वयम्’ची. तेथील विद्यार्थ्यांनी सुमारे एक किलो वजनाचा छोटा उपग्रह बनवला आणि २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी ३४ या यानाने तो श्रीहरिकोट्याहून अवकाशात नेला. या कामाला सुमारे आठ वर्षे लागली. पदवी चार वर्षांची असते, म्हणजे ज्यांनी आरंभ केला ते उपग्रह उडण्यापूर्वीच पदवी घेऊन गेले. एका तुकडीने वही लिहून ठेवायची, पुढच्या तुकडीने ती वाचून काम उचलायचे, असे ते चालले. आपल्या नावाचे फळ आपल्याला दिसणार नाही हे माहीत असून काम करणे, हा धडा कोणत्याच अभ्यासक्रमात छापलेला नसतो.

मुलींविषयी दोन शब्द. लीला पूनावाला यांनी १९६७ साली याच कॉलेजातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे त्या एका मोठ्या यंत्र कंपनीच्या प्रमुख झाल्या. यंत्रशाळेत मुलगी ही तेव्हा नवलाची बाब होती. २०२४ साली राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले. आपल्या गावाकडे ही बातमी अजून अनेक घरांत पोचलेली नाही. या अंकाच्या वाचकांनी ती पोचवली तरी पुष्कळ होईल.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी एक उद्योग केला. काकांना समोर बसवले आणि वहीत दोन रकाने आखले. ते एकेक हत्यार उचलून नाव सांगत, मी लिहीत असे आणि भाऊ पलीकडे इंग्रजी शब्द लिही. रंधा म्हणजे प्लेन, पटाशी म्हणजे चिझल, कानस म्हणजे फाइल. गवंड्याचा ओळंबा म्हणजे प्लंब बॉब, पाणसळ म्हणजे स्पिरिट लेव्हल. लोहाराची ऐरण म्हणजे अ‍ॅन्व्हिल. दोन पाने भरली. मग भावाने काकांना आपली ड्रॉइंगची शीट दाखवली, समोरून, वरून, बाजूने. काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘मग मी फळीवर पेन्सिलीने काढतो ते काय वेगळं असतं?’

माझी सूचना साधी आहे. आपल्या मराठी विभागाने राष्ट्रीय सेवा योजनेच्या येत्या शिबिरात गावोगावच्या सुतार, लोहार, गवंडी, कुंभार यांच्याकडून असे शब्द जमवावेत आणि ती वही जवळच्या तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत नेऊन द्यावी. शब्द गोळा करणे आपले काम, ते वापरणे त्यांचे. एखादा मुलगा परीक्षकांपुढे गप्प उभा राहण्याऐवजी ‘साहेब, याला आमच्याकडे गुण्या म्हणतात’ एवढे जरी म्हणू शकला, तरी ‘आर्ट्स घेऊन काय करणार?’ या गावच्या प्रश्नाला माझ्यापाशी एक उत्तर तयार होईल.