समदुःखी सोबती

आपल्या मंडळाची स्मरणिका घरोघरी दिवाणखान्यातील टीपॉयवर पडलेली असते आणि ती आजीपासून नातवापर्यंत सर्वजण चाळतात, याची पूर्ण जाणीव ठेवूनच प्रस्तुत विषय निवडला आहे. लसीकरण किंवा बालकांतील स्थूलता यांवर लिहिणे अधिक सोयीचे झाले असते. तथापि माझ्या तपासणीच्या खोलीत आज जो प्रश्न सर्वांत हळू आवाजात विचारला जातो, तो मोबाइलवरील अश्लील चित्रफिती पाहण्याच्या सवयीचा आहे. हा प्रश्न विचारणारे बहुधा सतरा ते पंचवीस वयाचे असतात. वयाने ते बालरोगतज्ज्ञाच्या कक्षेबाहेर गेलेले असले, तरी ज्याने लहानपणी कान दुखताना औषध दिले त्याच्याकडेच येणे त्यांना सोपे वाटते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि पाहता पाहता इंटरनेट इतके स्वस्त झाले की पूर्वी लपूनछपून, पैसे मोजून मिळणारी गोष्ट पांघरुणाखाली फुकट मिळू लागली. जुलै २०१५ च्या अखेरीस केंद्र शासनाने ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश दिला होता. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पुन्हा बंदी घालण्यात आली. हे बांध किती टिकले, हे कोणत्याही वसतिगृहातील मुलगा सांगू शकेल.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पाहणारा प्रत्येकजण व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोग-वर्गीकरणात 'कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेव्हिअर डिसऑर्डर' या निदानाचा समावेश आहे, पण तो व्यसनांच्या गटात नसून आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. सहा महिने किंवा अधिक काळ आवेग आवरता येत नसणे, त्यापायी अभ्यास, नोकरी, नाती यांची हानी होणे आणि वारंवार प्रयत्न करूनही सुटका न होणे, ही त्याची लक्षणे. केवळ 'हे पाप आहे' या भावनेतून होणारी तळमळ निदानास पुरेशी नाही, असेही तेथे स्पष्ट नमूद आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतही हेच दिसते. 'मी व्यसनी झालो' ही समजूत पाहण्याच्या प्रमाणापेक्षा पुष्कळदा स्वतःच्या नैतिक धिक्काराशी अधिक जोडलेली असते.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये ज्याला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले, ती धातू जाऊन शरीर पोखरले जाण्याची भीती आजही तितकीच जिवंत आहे. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवरील 'गुप्तरोग' वैद्यांच्या जाहिराती तिच्यावरच पोसतात. त्यामुळे मुलगा सवयीबद्दल बोलत नाही, तो अशक्तपणाबद्दल बोलतो.

असाच एक तरुण गेल्या वर्षी आला. त्याची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून सांगतो. निमाडातील एका गावचा, वय एकोणीस, इंदूरला भंवरकुआँच्या एका खासगी वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. "डॉक्टरकाका, काहीतरी टॉनिक द्या." हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड सारे उत्तम. अहवाल हाती दिल्यावरही तो उठेना. शेवटी भिंतीवरील लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत म्हणाला, "काका, याने मेंदू कायमचा बिघडतो का?"

पहाटे तीन-चारपर्यंत जागरण, सकाळचा वर्ग बुडणे, मग स्वतःची किळस आणि ती किळस विसरण्यासाठी पुन्हा तेच, असे दहा महिने चालले होते. देवापुढे शपथा झाल्या होत्या. फोन दोनदा मित्राकडे ठेवून परत आणला होता. सर्वांत काळजीचे वाक्य त्याने सहज उच्चारले: "माझ्यावर आईबाबांनी खर्च करण्यात काही अर्थ नाही." असे वाक्य ऐकल्यावर वैद्यकाने पुढचा प्रश्न टाळू नये. जीव देण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. येत असत, असे त्याने सांगितले आणि त्याच दिवशी त्यास मनोविकारतज्ज्ञ मित्राकडे नेले.

नैराश्यावर औषध सुरू झाले, समुपदेशन सुरू झाले. परंतु मित्राने तिसरी एक गोष्ट सुचवली. या सवयीतून बाहेर पडलेल्या काही तरुणांची त्याच्याकडे यादी आहे. त्यांनी दुसऱ्यास सोबत करण्याची तयारी दर्शवली आहे. मी मराठी मुलाचा विचार करत होतो. घरच्या भाषेत मन लवकर मोकळे होईल, अशी माझी कल्पना. मुलगा घाईघाईने म्हणाला, "मराठी कुणी नको, काका. दोन दिवसांत मावशीपर्यंत पोहोचेल."

त्याचे खोटे नव्हते. इंदूर असो, ग्वाल्हेर असो वा बडोदा, आपल्या समाजात आडनाव सांगितले की गाव विचारतात, गाव सांगितले की आत्या-मामांच्या नात्याची जुळणी होते. गणेशोत्सवात हीच वीण हवीहवीशी वाटते. गुपित सांगायचे असेल तेव्हा मात्र तिचीच धास्ती वाटते. अखेरीस हिंदी भाषिक, सव्विशीचा, नोकरी करणारा एक तरुण त्यास मिळाला.

ही पद्धत नवी नाही आणि तिच्या मुळाशी आपलाच एक व्यवसायबंधू आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा दलाल अमेरिकेतील ॲक्रन या गावी व्यवहार फिसकटल्याने हॉटेलात एकटा होता. दारूची तीव्र ओढ लागली तेव्हा त्याने उपदेशक शोधला नाही, त्याने फोन करून दुसरा मद्यपी शोधला. भेटले ते डॉ. बॉब स्मिथ, व्यवसायाने शल्यविशारद आणि स्वतः दारूत बुडालेले. पंधरा मिनिटांपुरते म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी शेवटचा प्याला घेतला आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा आरंभ झाला. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही व्यसनातून सावरलेली माणसे नव्याने आलेल्यांना हात देतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. दारूच्या बाबतीत अशा गटांचा उपयोग २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने मान्य केला. अश्लील चित्रफितींच्या सवयीबाबत पुरावा अद्याप तोकडा आहे. म्हणून सोबती हा उपचाराचा जोड आहे, पर्याय नव्हे.

सोबती करतो तरी काय? उपदेश करत नाही, हे पहिले. ओढ निर्माण झाली की ती लाटेसारखी चढते आणि बहुधा थोड्या वेळाने ओसरते. तेवढा वेळ कोणीतरी फोनवर असणे, एवढेच त्याचे मुख्य काम. आमच्या या जोडीचा नियम होता की फोन घडून गेल्यावर नव्हे, घडण्यापूर्वी करायचा. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी काय आहे, एवढेच सोबती विचारी. पुष्कळदा उत्तर निघे की रात्रीचे जेवणच झालेले नाही. दुसरा नियम, काय पाहिले याचे वर्णन करायचे नाही. तिसरा मला विशेष शहाणपणाचा वाटला: दिवस मोजण्याची शर्यत लावायची नाही. चाळीस दिवसांची माळ तुटली की 'आता सगळेच गेले' म्हणून माणूस आठवडाभर वाहवतो. एक घसरण आणि पूर्ण कोसळणे यांतील अंतर राखणे हेच तर शिकायचे असते.

तिसऱ्या आठवड्यात मुलगा घसरला आणि लाजेने चार दिवस फोन बंद ठेवून बसला. पाचव्या सकाळी सोबती पोहे-जिलेबीचा पुडा घेऊन वसतिगृहाच्या दारात उभा राहिला. काय झाले, असे त्याने विचारलेही नाही. खाऊन झाल्यावर स्वतःचा असाच एक जुना आठवडा सांगितला. मुलगा मला म्हणाला, "काका, त्याला माझी किळस आली नाही. त्याच दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली." आमच्या औषधांचाही त्या झोपेत वाटा असावा, पण हे श्रेय मी वादात आणणार नाही.

काही पथ्ये मात्र सांगितलीच पाहिजेत. धातुक्षयाची भीती बाळगणारे दोघे एकत्र आले तर भीती दुप्पट होते, म्हणून सोबत्यास आधी शास्त्रीय माहिती द्यावी. हस्तमैथुन हा आजार नाही, हे त्यास स्वच्छ सांगावे. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हेच सांगत होते आणि त्यापायी खटले सोसत होते. अठरा वर्षांखालील मुलांना प्रौढांच्या गटात पाठवू नये. तेथे पालक आणि वैद्यक यांनीच पुढे व्हावे. पत्नीस पहारेकरी नेमू नये, ती स्वतः दुखावलेली असते. आणि बालकांचे लैंगिक चित्रण हा सवयीचा प्रश्न नसून गुन्हा आहे. ते पाहणे व जवळ बाळगणेही पॉक्सो व माहिती-तंत्रज्ञान कायद्यांखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्यांना कोणाकडेच जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी १४४१६ ही शासनाची टेलिमानस सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

मुलास आता सात महिने झाले. सवय पूर्ण सुटलेली नाही, पण आठवड्यांची अंतरे पडू लागली आहेत आणि सकाळचा वर्ग बुडत नाही. परवा विचारत होता, "मी कुणाचा सोबती होऊ शकतो का?" वर्ष पूर्ण होऊ दे, असे मनोविकारतज्ज्ञ मित्राने सांगितले आहे. दरम्यान त्या मित्राच्या यादीत आजमितीस एकही मराठी नाव नाही. आपल्या व्यवसायबंधूंपैकी कोणास असा तरुण ठाऊक असल्यास त्याने त्याचे नावही मला सांगू नये, केवळ त्या मित्राची वेळ त्यास कळवावी.