सी शार्पमधलं 'लिंक' काय आहे? एका ओळीत यादी गाळणारी क्वेरी उत्तर नेमकं कधी देते?

समजा, चार विद्यार्थ्यांचे मार्क एका यादीत आहेत. ७२, ३१, ४५ आणि २८. यातले ३५ च्या खालचे, म्हणजे नापासांचे मार्क वेगळे काढायचेत. जुनी पद्धत अशी की लूप फिरवा, प्रत्येक मार्काला इफ लावा आणि सापडला की नव्या यादीत टाका.

२००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प ३.० सोबत 'लिंक' आलं आणि हे काम एका ओळीवर आलं. ती ओळ अशी वाचायची : फ्रॉम मार्क इन यादी, व्हेअर मार्क < ३५, सिलेक्ट मार्क. फ्रॉम म्हणजे कुठून घ्यायचं, व्हेअर म्हणजे अट काय आणि सिलेक्ट म्हणजे हातात काय द्यायचं.

आता खरी मेख इथे आहे. ही ओळ लिहिली म्हणजे उत्तर मिळालं, असं होत नाही. ती फक्त प्रश्न लिहून ठेवते. फॉरईच लावून निकाल मागितला की मगच यादी तपासली जाते. मधल्या वेळात यादीत २० मार्क जोडले, तर ३१ आणि २८ सोबत २० पण येणार. पुन्हा मागितलं, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या क्षणाचा निकाल पक्का करायचा असेल, तर क्वेरीच्या शेवटी टूलिस्ट लावायचं. मग यादीत नंतर कितीही भर पडू दे, ३१ आणि २८ तेवढेच राहतात. नाहीतर नापासांची यादी छापली दोघांची आणि मेसेज गेले तिघांच्या घरी, असा घोळ ठरलेला.